वाचक विचारतात : मॅडिसनमध्ये करायचं काय?

या वेळी मॅडिसन, विस्कॉन्सिनहून बरेच प्रश्न आलेत, म्हणून हा अख्खा कॉलम त्याच गावाला देतेय. मी स्वतः इथेच राहते आणि या गावावर माझा जीव आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

प्रश्न : आईबाबा जूनमध्ये येतायत, ऑगस्टअखेर जाणार. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. त्यांना गाडी चालवता येत नाही, इंग्रजी जेमतेम. मागच्या वेळी बहिणीकडे टेक्सासला घरात बसून पार कंटाळले होते. इथे त्यांना काय काय दाखवू?
(एक मुलगी, वेस्ट साइड)

अगं, इथला उन्हाळा तर त्यांच्यासाठीच असल्यासारखा आहे. जे काही चालतं ते मोकळ्यावर, बहुतेक फुकट, आणि त्यातलं निम्मं तरी समजायला इंग्रजी लागतच नाही. माझं म्हणणं एवढंच की दर वीकेंडला नवीन काहीतरी दाखवायची धावपळ करू नकोस, त्यांना वार ठरवून दे. अमुक वारी अमुक ठिकाणी जायचं, मग तिथली माणसं ओळखीची होतात, बाबा स्वतःच घड्याळ बघायला लागतात आणि आई आदल्या रात्री डबा काय न्यायचा ते ठरवते.

शनिवार सकाळ मार्केटची. कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, चारही बाजूंनी डेन काउंटी फार्मर्स मार्केट भरतं, १९७२पासून, एप्रिल ते नोव्हेंबर. लवकर जा, नऊनंतर पाय ठेवायला जागा नसते. सगळे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने फिरतात, गर्दीबरोबर चालत राहायचं, मध्येच उलटं वळलं की धक्के बसतात. इथला नियम मला फार आवडतो, विकायला उभा असलेल्यानेच ते पिकवलेलं किंवा बनवलेलं पाहिजे आणि तेही विस्कॉन्सिनमध्येच, त्यामुळे केळी आंबे दिसणारच नाहीत पण बाबांना शेतीची आवड असेल तर समोर खुद्द शेतकरी उभा असतो. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, ऑगस्टमध्ये मक्याची कणसं आणि टोमॅटो. आईला ह्मोंग शेतकऱ्यांच्या टेबलांपाशी घेऊन जा. हे लोक व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून आलेले, त्यांच्याकडे कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या, लहान तिखट मिरच्या आणि सीझनला कारलीसुद्धा मिळतात, आणि बोटाने दाखवून भाव विचारायला भाषा लागत नाही. ताजे चीज कर्ड्स, म्हणजे न मुरवलेल्या चीजचे छोटे तुकडे, घ्या, दाताखाली कच्‌कच्‌ वाजले तर ताजे, दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढले की आवाज गेलेला असतो. स्टेलाज बेकरीचा तिखट चीज ब्रेड गरम असतानाच खायचा, तो घरापर्यंत पोचतच नाही. उन्हाळ्यात काही शनिवारी अकराच्या सुमारास जवळच्या ओव्हर्चर सेंटर या कलाकेंद्रात ऑर्गनचा फुकट कार्यक्रम असतो, खास मार्केटला आलेल्यांसाठी. भाजीच्या पिशव्या घेऊन एसीत बसायचं आणि त्या जर्मन बनावटीच्या अवाढव्य ऑर्गनचा आवाज खुर्चीतून अंगात शिरतो तो अनुभवायचा.

बुधवार संध्याकाळ कॉन्सर्ट्स ऑन द स्क्वेअरची. विस्कॉन्सिन चेंबर ऑर्केस्ट्रा त्याच कॅपिटलच्या हिरवळीवर वाजवतो, १९८४पासून, साधारण जूनअखेर ते जुलैअखेर. दुपारपासूनच लोक चादरी अंथरून जागा धरतात आणि चादर तशीच सोडून निघून जातात, कोणी हात लावत नाही, बाबांना याचंच सगळ्यात नवल वाटेल. डबा घरचा न्यायचा. आमच्या शेजारची मंडळी तर मेणबत्त्या, टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास सगळं घेऊन येतात, आणि ठेपल्याचा वास गेला की चौकशी करतात, मग आपण द्यायचा आणि त्यांचं चीज घ्यायचं. आईबाबांना जमिनीवर बसवत नसेल तर ठेंगण्या घडीच्या खुर्च्या ने, उंच खुर्ची असेल तर मागे बसायची रीत आहे. जूनअखेर इथे सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो, पण मावळला की वारा गार होतो, शाल हवीच.

रविवारी संध्याकाळी मोनोना तळ्याकाठी लॉ पार्कमध्ये मॅड सिटी स्की टीमचा वॉटर स्कीचा खेळ असतो, पाण्यावर माणसांचा मनोरा करतात, तिकीट नाही. मधल्या एखाद्या वारी ओल्ब्रिच गार्डन. बाहेरची बाग फुकट. तिथला थाई मंडप थायलंडमध्ये तयार करून, सुटा करून, जहाजाने आणून इथे उभा केलाय, २००२ साली खुला झाला, सोन्याचा वर्ख लावलेलं छत आणि समोर पाणी. आई तिथून लवकर उठणार नाही.

आणि बस. २०२४पासून रॅपिड ए ही बस पूर्व-पश्चिम धावते, वेस्ट साइडहून डाउनटाउनला बदलावी लागत नाही. पहिल्या दोनतीन वेळा तू बरोबर जा, स्टॉप दाखव, फोनमध्ये परतीच्या स्टॉपचा फोटो काढून ठेव. एकदा ते दोघं एकटे जाऊन आले की बाकीचा उन्हाळा त्यांचा.

युनियन टेरेस मुद्दाम शेवटी सांगतेय. युनिव्हर्सिटीच्या मेमोरियल युनियनमागे, मेंडोटा तळ्याच्या पायरीशी, उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या हिरव्या, पिवळ्या, केशरी लोखंडी खुर्च्या. तिथे तू ऑफिसातून थेट जा आणि ते बसने येऊ देत. बॅबकॉकचं आइस्क्रीम घ्या, ते युनिव्हर्सिटीच्याच डेअरीचं आहे. पाण्यावर शिडाच्या होड्या असतात, बऱ्याच संध्याकाळी बँड वाजतो, सोमवारी रात्री पडदा लावून सिनेमा. पण काहीच नसेल तरी चालतं.

प्रश्न : आम्ही दोघंही स्टुडंट. नाटक, संगीत, पेंटिंग सगळ्याची आवड आहे पण ओव्हर्चरची तिकिटं परवडत नाहीत. मग इथे कलेचं काही बघायचंच नाही का?

बघायचं की, आणि भरपूर. ओव्हर्चर सेंटर २००४ साली उघडलं, सेझार पेलीचं डिझाइन, जेरी फ्राउत्ची यांनी २० कोटी ५० लाख डॉलर्सची देणगी दिली म्हणून उभं राहिलं, आणि मोठे दौऱ्यावरचे शो महाग असतात हे खरंच. पण त्याच बिल्डिंगमधल्या गॅलऱ्या फुकट आहेत आणि लागून असलेलं मॅडिसन म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टसुद्धा फुकट. कॅम्पसवरचं शेझन म्युझियमही तसंच. तिथे वॉटसन दांपत्याने दिलेला भारतीय लघुचित्रांचा संग्रह आहे, उजेडाने रंग उडतात म्हणून ती चित्रं कायम भिंतीवर नसतात, लागली की सोडू नका.

संगीतासाठी हॅमेल म्युझिक सेंटर. २०१९ची नवी इमारत आहे, आवाज फार सुंदर, आणि म्युझिक स्कूलच्या विद्यार्थ्यांचे, प्राध्यापकांचे बरेच कार्यक्रम फुकट. अर्धा हॉल रिकामा असतो याचं मला दर वेळी वाईट वाटतं. सिनेमासाठी युनिव्हर्सिटीचं सिनेमाटेक, व्हायलस हॉलमध्ये चौथ्या मजल्यावर, जुने सिनेमे खऱ्या फिल्मच्या प्रिंटवरून दाखवतात, तेही फुकट. तुम्ही स्टुडंट आहात, चालत जाल, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच त्यांचं वेळापत्रक काढून फ्रीजवर लावा.

पैसे साठवून एकच गोष्ट करायची असेल तर अमेरिकन प्लेयर्स थिएटर. स्प्रिंग ग्रीन, पश्चिमेला तासाभराच्या आत, टेकडीवर झाडीत हजाराच्या वर खुर्च्यांचं उघडं नाट्यगृह, १९८०पासून उन्हाळ्यात शेक्सपिअर आणि इतरही नाटकं करतात. खाली डबा खायचा, मग झाडीतून चढून वर जायचं. दुसऱ्या अंकापर्यंत अंधार पडलेला असतो, वर चांदण्या आणि रातकिड्यांचा आवाज, आणि तरी नटाचं कुजबुजणं शेवटच्या रांगेत ऐकू येतं. गोष्ट आधी वाचून जा, जुनी इंग्रजी पहिली पंधरा मिनिटं जड जाते, नंतर कान बसतो. डासांचं औषध लावूनच जा.

प्रश्न : मी पहिल्यांदाच इथला हिवाळा बघणार आहे. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत अंधार होतो म्हणे. नवरा ऑफिसात, मला अजून काम करायची परवानगी नाही. आत्तापासूनच घाबरायला झालंय.

ताई, भीती वाटणं अगदी साहजिक आहे, आणि अंधार लवकर पडतो हेही खरं. पण इथले लोक हिवाळ्यात दार लावून बसत नाहीत, ते तळ्यावर जातात, आणि तुम्हीही जा. मेंडोटा कधी गोठलं, कधी वितळलं याची नोंद इथे १८५०च्या दशकापासून ठेवलीय, गावात त्यावर गप्पा चालतात. बर्फ नीट धरला की तळ्यावर एक वेगळंच गाव वसतं, मासे पकडणाऱ्यांचे छोटे तंबू, स्कीवाले, पतंगवाले, कुत्री.

सुरुवात स्केटिंगने करा. टेनी पार्कच्या लगूनवर बर्फ तपासून मगच पार्कवाले स्केटिंग सुरू करतात, स्केट्स तिथेच भाड्याने, आत ऊब घ्यायला खोली. पहिल्या दिवशी नुसतं उभं राहता आलं तरी पुरे. मोठ्या तळ्यावर मात्र एकटीने कधी जायचं नाही. साफ कठीण बर्फ चार इंच तरी हवा असं सांगतात आणि नदी मिळते तिथे, पुलाखाली तो पातळच असतो. जानेवारीच्या तिसऱ्या वीकेंडला विस्कॉन्सिनमध्ये मासेमारीला लायसन्स लागत नाही, तेव्हा नवऱ्याला घेऊन जा, कोणाही तंबूवाल्याला विचारलंत तर तो भोक पाडून गळ हातात देईल.

आणि ज्या दिवशी अगदीच नको वाटेल त्या दिवशी ओल्ब्रिचचं काचघर. थोडं तिकीट आहे, पण आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, केळीची पानं, धबधब्याचा आवाज, ओल्या मातीचा वास. बाहेर शून्याखाली आणि आपण कोट काढून बाकावर. पुस्तक घेऊन जा, दर आठवड्याला एक दुपार तिथे काढा. लायब्ररीच्या शाखांमध्येही फुकट वर्ग असतात, सेंट्रल लायब्ररीत बबलर नावाने हाताने काही बनवायचे उपक्रम चालतात. ओळखी तिथेच होतात.

प्रश्न : मुलांना तळ्यात पोहायला न्यावं का? गेल्या ऑगस्टमध्ये पाणी हिरवंगार दिसत होतं.

तसं दिसलं तर अजिबात नाही. शेतांमधून, गोठ्यांमधून फॉस्फरस वाहून येतो आणि ऊन तापलं की सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ते निळंहिरवं शेवाळ, माजतात, ते विषारी असू शकतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःची पावलं दिसत नसतील तर मुलांना बाहेर काढा, कुत्र्यालाही. आरोग्य विभाग उन्हाळाभर बीच तपासतो आणि बंद असेल तर पाटी लावतो, निघायच्या आधी ऑनलाइन बघा. बंद असेल तर गुडमन पूल. तळ्यांची ही अवस्था बघून जीव तुटतो, पण त्यासाठी मुलांच्या पोटात ते पाणी जायला नको.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, गिटार वाजवतो. म्हणतो या गावात म्युझिकचं काही घडतच नाही, शिकागोलाच जायचं.

त्याला मोनोना टेरेसच्या गच्चीवर न्या. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने १९३८मध्ये पहिल्यांदा मांडलेली इमारत, प्रत्यक्षात उघडली १९९७मध्ये. गच्चीवर सोल गायक ओटिस रेडिंगचं स्मारक आहे. १० डिसेंबर १९६७ला मॅडिसनच्या क्लबमध्ये गायला येताना त्याचं विमान समोरच्याच मोनोना तळ्यात कोसळलं, तो २६ वर्षांचा होता, बरोबरच्या बँडमधला एकच जण वाचला. त्याच्या काही दिवस आधी रेकॉर्ड केलेलं ‘द डॉक ऑफ द बे’ हे गाणं नंतर अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. ते गाणं त्याला हेडफोनवर तिथेच बसून ऐकू द्या, समोर पाणी आहेच.

मग ईस्ट वॉशिंग्टन अव्हेन्यूवरून जाताना सांगा की याच रस्त्यावर स्मार्ट स्टुडिओज होता, बुच व्हिग आणि स्टीव्ह मार्करचा, आणि १९९०च्या एप्रिलमध्ये निर्वाणा हा रॉक बँड तिथे रेकॉर्डिंगला आला होता. २०१०ला स्टुडिओ बंद झाला. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये फुकट म्युझिक फेस्टिव्हल असतात, ऑर्टन पार्क, ला फेत द मार्केत, ॲटवुड फेस्ट, स्टेजच्या अगदी पुढे उभं राहून वाजवणाऱ्याची बोटं बघता येतात. शिकागो तीन तासांवर आहे, जाईलच तो.

प्रश्न : आम्ही दोघे रिटायर्ड, मुलाकडे कायमचे आलोय. मी तबला वाजवतो, हिची पेटी. ऐकायला कोणी नाही. स्वतःचं काही करता येईल का?
(एक काका)

काका, २१ जूनला मेक म्युझिक मॅडिसन असतं, त्या दिवशी गावभर बागांमध्ये, व्हरांड्यांत, दुकानांपुढे कोणीही वाजवू शकतं, ऑडिशन नाही, फक्त आधी नाव नोंदवायचं आणि जागा ठरवायची. तबलापेटीला लाउडस्पीकर न लावता वीसपंचवीस माणसं आरामात ऐकतात, आणि न लावलेलाच बरा, बागेत आवाज वाढवायचा तर वेगळी परवानगी काढावी लागते. तोपर्यंत मुलाला सांगून लायब्ररीच्या शाखेतली मीटिंग रूम घ्या, महिन्यातून एक दुपार बसा, चार माणसं आली तरी बसा. आणि जूनसाठी जागा मागताना सावलीचीच मागा, उन्हात पुडी चढते आणि संध्याकाळी तळ्यावरची दमट हवा लागली की उतरते, म्हणून हातोडी खिशातच असू द्या आणि काकूंना पेटीची पट्टी आधी विचारून ठेवा.