पोपडे, ठेका आणि खिडकीतला उजेड

प्रश्न : इतरांच्या घरांचे आणि फोटोंचे दोन हजारांवर नमुने मी फोनमध्ये साठवले आहेत. तरी कॅमेरा हातात घेतला की काही सुचत नाही, आणि सुचलंच तर ते कुठून तरी उचललेलं वाटतं. काय करावं?

साठवणं आठवडाभर थांबवा आणि साठवलेलं एकदा नीट पाहा. दहा मिनिटांत वीस चित्रं निवडा. जास्त वेळ घेतलात तर मनापासून आवडलेलं मागे पडतं आणि 'चांगलं म्हणतात' ते निवडलं जातं. प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहा : उजेड कुठून येतोय, चौकटीचा किती भाग काळोखात आहे, ठळक रंग किती आहेत. वस्तूंची नावं मात्र लिहायची नाहीत. 'वेताची खुर्ची' असं लिहिलंत की मन तशीच खुर्ची शोधू लागतं आणि नक्कल तिथूनच सुरू होते. 'डावीकडून तिरका उजेड, निम्मी चौकट काळोखात, दोनच रंग' असं लिहिलंत, तर तो उजेड स्वतःच्या घरात किती वाजता पडतो ते शोधता येतं. वीस नोंदी होईपर्यंत एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. तुमची खरी आवड ती.

मग सात दिवस घरातली एकच जागा घ्या, उदाहरणार्थ खिडकीजवळची खुर्ची किंवा जिन्याचं वळण. लेन्स एकच, शक्यतो ५० मिमी; फोन असेल तर दुप्पट झूम. सकाळ, दुपार आणि तिन्हीसांज, दर वेळी जास्तीत जास्त दहा फोटो. पहिले तीन दिवस एकही वस्तू हलवायची नाही. साधारण चौथ्या दिवशी कंटाळा येतो आणि इथेच बहुतेक जण जागा बदलतात. कृपया बदलू नका. ओळखीच्या गोष्टी टिपून संपलेल्या असतात म्हणून तो कंटाळा येतो. त्यानंतरच काचेवरचा धुरळा, पायाच्या सावलीची लांबी, भिंतीवरून सरकणारा उजेडाचा पट्टा दिसू लागतो. शेवटच्या दिवशी २१० फोटोंतून पाच ठेवा.

योसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो त्यांनी १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं काढले. खिडकी तीच, पण कधी काचेवर दव, कधी बर्फ, कधी पाण्याचे ओघळ. त्यामानाने सात दिवस काहीच नाहीत.

प्रश्न : खोलीचा फोटो काढला की अर्धा पिवळा, अर्धा निळा येतो आणि भिंती आत झुकलेल्या दिसतात. डोळ्यांना दिसतं तसं का येत नाही?

पिवळ्या-निळ्याचं कारण म्हणजे दोन प्रकारचे उजेड एकत्र येणं. घरातला पिवळा दिवा साधारण २७०० केल्विनचा असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० किंवा त्याहून वर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग सुधारण्याची सोय, पूर्ण चौकट एकाच दिशेने सरकवतो, त्यामुळे एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. दिवसा सगळे दिवे बंद करा, नाही तर अंधार पडल्यावर फक्त दिवे वापरा.

दिवे बंद केल्यावर उजेड कमी वाटेल. तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील असावा त्याचा आकडा) १०० ते २००, शटर उघडं राहण्याचा वेळ गरजेप्रमाणे पाव सेकंद ते एक सेकंद, आणि बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते, खिडकीच्या उजळ भागावर बेतून कुलूपबंद करा. सावलीतलं थोडंफार नंतर वर काढता येतं, पांढरं फटक झालेलं परत येत नाही. सावली फारच दाट असेल तर खिडकीच्या समोरच्या बाजूला मीटरभर अंतरावर थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. रात्री एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले, तर ५० हर्ट्झची वीज असलेल्या ठिकाणी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. तिथे दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो. शटर त्या गतीशी जुळलं की पट्टे जातात.

भिंती झुकतात, कारण कॅमेरा वर किंवा खाली कललेला असतो. डोळ्यांच्या उंचीवरून खाली वाकवून काढण्याऐवजी कॅमेराच जमिनीपासून १०० ते १२० सेंमीवर आणा, सरळ धरा आणि पडद्यावरच्या जाळीची उभी रेघ दाराच्या कडेशी जुळवा. फोनची सगळ्यात रुंद लेन्स टाळा. तिच्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात, खोली मोठी दिसते पण खोटी दिसते.

आणि भिंतीचा खडबडीतपणा, विणकाम, लाकडाच्या रेषा हव्या असतील तर फ्लॅश नकोच. उजेड पृष्ठभागाला जवळजवळ घासून, कडेने यायला हवा. समोरून आला की सगळ्या सावल्या पुसल्या जातात.

प्रश्न : आजीचं कपाट, सेकंडहँड सोफा, प्रवासातून आणलेल्या वस्तू असं सगळं मिश्र घर हवं होतं. झालं आहे अडगळीचं. काय चुकलं?

बहुधा वस्तू चुकलेल्या नाहीत, त्यांच्यातला धागा राहून गेला आहे. लाकडाचंच घ्या. गडद शिसवी कपाटाशेजारी फिकट पाइनचं टेबल शोभतं, कारण फरक उघड आहे. त्याच कपाटाशेजारी 'जवळपास तसंच' लाकूड ठेवलं की जुळवायला गेलो आणि फसलो, असं दिसतं. फरक करायचाच तर स्पष्ट करा.

मग एक रंग निवडा आणि तो खोलीत किमान तीन ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर येऊ द्या : गालिच्यात, पुस्तकाच्या पाठीवर, चित्राच्या कोपऱ्यात. एकदाच आला तर तो उपरा वाटतो. खोलीतले दिवे वेगवेगळ्या उंचीवर चालतील, पण बल्ब सगळे एकाच रंगाचे हवेत, २७०० केल्विन आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर. वस्तू भिन्न असल्या तरी एकाच जातीचा उजेड त्यांना बांधून ठेवतो. आमच्या मते यात सगळ्यात कमी खर्च आहे आणि फरक सगळ्यात जास्त.

पारखायला दारात उभं राहून खोलीचा कृष्णधवल फोटो काढा. रंग गेले की वजन दिसतं. सगळे काळे ठोकळे एकाच बाजूला गोळा झालेले असतील, तर अडगळीची भावना तिथूनच येते. एक जड वस्तू समोरच्या कोपऱ्यात न्या आणि पुन्हा फोटो काढा. चालायची वाट ७५ सेंमी तरी मोकळी ठेवा. सोफा आणि मधलं टेबल यांत ४० ते ४५ सेंमी पुरतात. फडताळाचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडायला जीव होत नाही हे खरं, पण तो सोडा.

इतकं करूनही जमलं नाही, तर छोट्या वस्तू सगळ्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा आणि दिवसाला एक परत आणा. ज्या दिवशी आणावीशी वाटणार नाही, त्या दिवशी थांबा.

प्रश्न : तडे, पोपडे, टवका गेलेला कप हे सगळं 'सुंदर अपूर्णता' म्हणून तसंच ठेवायचं का?

नाही. वापराने आलेली खूण ठेवा, चालू असलेला बिघाड ठेवू नका.

गिलाव्यातली केसासारखी, मिलिमीटरच्या आतली रेघ बहुतेकदा गिलावा आकसल्याची असते. ती राहू द्या. पाच मिलिमीटरहून रुंद, दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र बांधकाम अभियंत्याला दाखवा. शंका असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख आणि रुंदी लिहा आणि तीन महिन्यांनी ताडून पाहा. मात्र ती वाढतेय असं दिसलं, तर तीन महिने पुरे होण्याची वाट पाहू नका.

पोपडे आले म्हणजे आधी ओल. साधारण ३० बाय ३० सेंमीचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी पाणी कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला साचलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला साचलं तर ती हवेतली वाफ आहे आणि खिडक्या उघडण्याने फरक पडेल. भिंतीतली ओल न थांबवता रंग दिला तर तो पुन्हा सुटणारच, कारण बाहेर पडणारी वाफ त्याला मागून ढकलते. वर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशनेच झाडा. ओल्या फडक्याने पुसला की तो विरघळून परत आत जातो. खूप जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

डगमगणाऱ्या खुर्चीत स्क्रू मारण्याचा मोह टाळा. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, स्क्रू तसूभर हलत नाही, मग सांध्यालाच चीर जाते. सांधा सोडवा, जुना सरस खरवडून काढा, लाकडाचा पांढरा गोंद लावून शिकंज्यात २४ तास आवळून ठेवा. हातावरचं झिजलेलं पॉलिश मात्र अजिबात छेडू नका.

टवका गेलेल्या कपात पेन ठेवा. फुटलेलं भांडं सोनेरी सांध्यांनी जोडण्याची जपानी रीत, किंत्सुगी, उरुशी नावाच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेने होते. ती दमट हवेत हळूहळू कडक होते आणि कच्ची असताना अंगावर पुरळ आणते. बाजारातल्या झटपट संचात बहुधा इपॉक्सी आणि धातूची पूड असते, त्यामुळे तसं भांडं शोभेलाच ठेवा.

प्रश्न : गाणं ऐकत काम केलं की सुचतं म्हणतात. मला तर गाणं ऐकताना कामच सुचत नाही.

शब्द असलेलं गाणं भाषेच्या कामात आड येतं, म्हणून शब्दांशिवायचं घ्या आणि बोलण्याच्या आवाजाहून हळू ठेवा. पण प्रेरणेसाठी ऐकायचं असेल तर काम बाजूला ठेवा. दहा मिनिटांची एकच रचना दोनदा ऐका. पहिल्यांदा डोळे मिटून. दुसऱ्यांदा कागदावर फक्त रेघा ओढा : आघात आला की उभी, स्वर लांबला की आडवी, शांततेला कोरी जागा. 'उदास', 'प्रसन्न' असलं काही लिहू नका. तो कागद म्हणजे अंतरांचा आराखडा. भिंतीवरच्या चौकटी, फडताळातल्या वस्तू, फोटोतली माणसं तशा अंतरांनी मांडून पाहा. सम (तालाची पहिली मात्रा) जिथे येते तिथे सगळ्यात जड वस्तू, 'खाली'च्या (तालातल्या बिनआघाताच्या) जागी मोकळी भिंत.

अपूर्णतेचं म्हणाल तर तानपुरा ऐका. तार आणि घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जो झणत्कार आणतात, ती जवारी. स्वच्छ सुटणाऱ्या तारेत मुद्दाम आणलेली ही घासघास, आणि तिच्यामुळेच वरचे उपस्वर उमलतात. आफ्रिकेतल्या म्बिरा वाद्यावर त्याच हेतूने शिंपले किंवा बाटलीची बुचं लावतात. धागा केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज बसतो, म्हणजे अपूर्णतासुद्धा जुळवावी लागते.

ऐकताना खोलीच मध्ये येत असेल तर मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे धातूसारखी थरथर उरली, तर दोन उघड्या भिंती समोरासमोर आहेत. एका भिंतीला कमी-जास्त खोलीची पुस्तकं लावा, खिडकीला तिच्या दुप्पट रुंदीचा चुणीदार पडदा, जमिनीवर जाड गालिचा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, तिथे खर्ज फुगतो. दोन्ही स्पीकर आणि तुमची बैठक यांचा समभुज त्रिकोण होऊ द्या.

प्रश्न : वेगवेगळ्या मापांच्या चौकटी एका भिंतीवर कशा लावाव्यात?

प्रत्येक चौकटीच्या मापाचा कागद कापा आणि टेपने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवा. समूहाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी, चौकटींमधलं अंतर ५ ते ७ सेंमी, सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंमी वर. खिळ्याची जागा कागदावरच नोंदवा. चौकटीमागची तार ताणल्यावर वर येते, तेव्हा माप ताणलेल्या तारेपासून घ्या. हे विसरल्यामुळेच सगळं दोन-तीन सेंमी खाली बसतं.