क्रोशाने विणलेल्या ड्रॅगनची मान का कलते आणि आतला कापूस का दिसतो?

आपण जळगावहून विचारले आहे की, क्रोशाने विणलेल्या ड्रॅगनची मान एका बाजूला कलते आणि टाक्यांमधून कापूस डोकावतो. या दोन्हींचे मूळ बहुधा सैल विणीत असते. लोकरीच्या वेष्टनावर सुचवलेली सुई सहसा कपड्यांच्या मऊ विणीसाठी असते, म्हणून खेळण्यासाठी तिच्याहून अर्धा ते एक मिलिमीटर बारीक सुई घ्यावी आणि संपूर्ण शरीर मुक्या खांबांनी (सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड व घट्ट टाके) गोलाकार विणावे. डोक्यासाठी ओढून घट्ट होणाऱ्या फासात 6 मुके खांब घालून पुढच्या फेऱ्यांत ते 12, 18, 24 असे वाढवावेत. मानेकडे घट करताना, म्हणजे दोन टाक्यांचा एक करताना, दोन्ही टाक्यांचा फक्त पुढचा धागा उचलावा, म्हणजे भोक राहत नाही.

मानेतले भरण सर्वांत महत्त्वाचे आहे. विणकाम बंद करण्यापूर्वीच ते चिमटीचिमटीने, पेन्सिलीच्या बोथट टोकाने, मान बोटाने दाबली तरी दुमडणार नाही इतके ठासावे.

खानदेशात पिंजलेला कापूस सहज मिळतो आणि मलाही तो मनापासून आवडतो, परंतु धुतल्यावर त्याच्या गुठळ्या होतात व तो आतून लवकर वाळत नाही. खेळणे वारंवार धुवायचे असेल, तर पॉलिएस्टरचे तंतू वापरावेत.

पंख एकेरी विणीचे, हलके ठेवावेत. खेळणे तीन वर्षांखालील मुलासाठी असेल, तर प्लॅस्टिकचे डोळे अजिबात लावू नयेत. डोळे काळ्या धाग्याच्या भरतकामानेच काढावेत.