आजोबांचे विनोद आणि तुझी कात्री

प्रिय संपादिकाबाई,

(चिडू नकोस. आजोबांच्या दिवाळी अंकांतल्या लेखांचं पुस्तक काढायला निघालीस, म्हणजे ही पदवी आलीच.)

बायकोच्या जाडीवरचे, सावळ्या मुलीच्या 'दाखवण्या'वरचे, घरगड्याच्या बोलण्यावरचे विनोद कापू की ठेवू, असं विचारलंस. जुना विनोद दोन तऱ्हांनी मरतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' काढ. १९०२ पासून 'विविधज्ञानविस्तारा'त आलेले लेख. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या धर्मनिष्ठेचा आव आणून रूढींचे वाभाडे काढतात. त्यातल्या कित्येक जागांवर आज हसू येत नाही, कारण त्या रूढीच घरातून गेल्या. तो विनोद जिंकून मेला. त्याला एक टीप लावली की भागतं.

बायकोवरचा विनोद मेला तो वेगळ्या कारणानं. ज्यांच्यावर तो होता, ती माणसं वाचायला बसली. १९०१ च्या जनगणनेत भारतात शंभर बायकांत एकही साक्षर भरत नव्हती. २०११ मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात सुमारे ७५ होतं. आजोबांनी लिहिलं ते साठ-सत्तरच्या दशकांत. तेव्हा आजी अंक वाचत होतीच, कदाचित त्यांच्याआधी. पण लेखक मंडळी अजून सवयीनं पुरुषांच्या कट्ट्याकडे तोंड करून बोलत होती.

तरी वाक्यं कापू नकोस. लेखनाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतात, त्यामुळे घरच्यांनी मान डोलावली की तुला अडवणारं कुणी नाही. धोका तोच आहे. चार वाक्यं काढलीस की आजोबा होते त्याहून शहाणे दिसतील, आणि ती थाप होईल. नको तो लेख अख्खा वगळ. ठेवलास तर जसाच्या तसा, खाली अंकाचं नाव आणि वर्ष घालून. प्रस्तावनेत माफी मागू नकोस. त्यांच्या वतीनं तुला कुणी नेमलेलं नाही.

निवडताना पाहा, फजिती कुणाची होते आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव अजून चालतो, कारण तो स्वतःचीच फजिती सांगत बसतो. आजोबांचा मुलगी पाहायला जाण्याचा लेख तसाच आहे: घट्ट कॉलर, थरथरणारी बशी, पोह्यातली मिरची, सगळं त्यांच्याच अंगाशी येतं. रंगावरचं ते एक वाक्य बोचतं, बोचू दे. घरगड्यावरच्या लेखात मात्र पाच पानं त्याच्या उच्चारांची नक्कल सोडून काही नाही. तो आजच्यासाठी वाईट आहेच, पण त्या काळीही आळशीच होता. वगळ.

आणि आजीच्या जाडीवरचा लेख? तो छापायचा की नाही, हे तू किंवा मी कशाला ठरवायचं? आजीला विचार. हो म्हणाली तर तिलाच आजोबांवर दोन पानं लिहायला सांग आणि ती त्याच लेखाशेजारी छाप. मुद्रितं मी तपासेन.

तुझा,
काका