वाचक विचारतात : अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा

प्रश्न : आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक वृद्ध भगिनी पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळल्या आहेत. आम्ही दर रविवारी जाऊन प्रार्थना करतो. पण त्यांच्या सुनेचा थकलेला चेहरा पाहिला की वाटतं, एवढ्याने भागत नाही. आणखी काय करावं?

उत्तर : प्रार्थना चालू राहू द्या, पण सुनेला एकदा सरळ विचारा, 'दिवसातली कुठली वेळ सर्वात जड जाते?' बहुधा ती रात्रच सांगेल. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि हे एकट्याने केलं तर करणारा माणूसच आजारी पडतो. म्हणून मंडळीतल्या चौघा-पाचजणांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात.

काम आधी नर्सकडून शिकून घ्या. कूस बदलताना रुग्णाला ओढू नका. ओढल्याने कातडी सोलवटते. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी उचला. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंश कलतं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. प्रत्येक वेळी माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. क्षणभर फिका न पडता तो लालच राहिला, तर ती बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का ते हाताने पाहा. डाग चोळू मात्र नका. आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना आधीच इजा झालेली असते, चोळल्याने ती वाढते. मधे भोक असलेली रबरी गादीही नको : तिच्या कडेचा दाब मधला रक्तपुरवठा आणखी कमी करतो.

भरवण्याआधी गिळणं नीट होतं का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. नीट बसवून छोट्या चमच्याने भरवा, पहिला घास गिळला गेल्याशिवाय दुसरा देऊ नका आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवा. खोकला आला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर लगेच थांबा. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

बायबलमध्ये लूक 10 मधल्या येशूच्या दाखल्यातला शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला परका माणूस, वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी तो दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, देऊन पुढची सेवा दुसऱ्यावर सोपवतो आणि परतताना राहिलेला खर्च भरण्याचा शब्दही देतो. सेवा वाटून घेणं हा दयेत कमीपणा नाही, हे सुनेलाही आवर्जून सांगा. अनेकदा तिला विश्रांतीपेक्षा विश्रांती घेण्याची मुभा हवी असते.

प्रश्न : घरात मृत्यू झालेल्यांना 'देवाची इच्छा' म्हणून धीर द्यावा का?

उत्तर : नको. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तोवर सगळं ठीक होतं. ते दुःखाचं कारण समजावू लागले आणि त्याची वेदना वाढली. शोक करणाऱ्याबरोबर रडा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. 'काही लागलं तर सांगा' हेही टाळा, कारण मागण्याचं ओझं त्यांच्यावरच पडतं. त्याऐवजी 'गुरुवारी संध्याकाळी जेवण आणते, चालेल ना?' असं विचारा. महिन्याभराने पाहुणे गेल्यावर घर रिकामं होतं, तेव्हा पुन्हा जा.

प्रश्न : मदत देतानाचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकावेत का?

उत्तर : टाकू नका. मत्तय 6 मध्ये प्रभूने दानधर्म गुप्तपणे करायला सांगितलं आहे, आणि घेणाऱ्याच्या अब्रूचाही प्रश्न आहे. हिशेब मात्र चोख हवा. मंडळीला रक्कम आणि कारण कळवा. नावांची वही दोन विश्वासू सेवकांकडेच राहू द्या आणि प्रत्येक नोंदीवर दोघांच्या सह्या घ्या.