बेचिराख: या शब्दात राख नाही

एका वाचकाने विचारलं आहे: "बायबल आणि उत्खननं यांवरच्या एका मराठी लेखात असं वाक्य होतं, 'यहोशवाने आय हे नगर बेचिराख केले, पण उत्खननात राखच सापडली नाही.' बेचिराख हा शब्द राखेवरून आला ना? आणि कुठे कुठे 'बेचिराग' असंही दिसतं, तर शुद्ध रूप कोणतं?"

राखेवरून आलेला नाही. वणवा लागला की 'डोंगर बेचिराख', गोदाम पेटलं की 'लाखोंचा माल जळून बेचिराख', हे रोज वाचून वाचून डोळे दुखायला लागले आहेत. माल जळतो, त्याची राखरांगोळी होते; बेचिराख होतं ते गाव. फारसीत 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. तिन्हीसांजेला ज्या गावात एकही दिवा लागत नाही ते बेचिराख. महसुली दप्तरात हा अर्थ अजून जिवंत आहे. 'बेचिराख मौजे' म्हणजे ज्याला शीव आहे, ज्याचा सातबारा निघतो, पण ज्यात वस्ती नाही असं गाव. ते कोणी जाळलेलं असावं लागत नाही. पाणी आटलं, पटकी आली, लोक उठून शेजारच्या गावी गेले, एवढंही पुरतं. जे लोक या शब्दाची 'बेचि' अधिक 'राख' अशी फोड करतात, त्यांनी 'बेचि' म्हणजे काय ते आधी सांगावं. आणि 'ग'चा 'ख' झाला म्हणून अडायचं कारण नाही. 'दिमाग'चा 'दिमाख' आपणच केला आहे.

आता या चिरागाचा प्रवास पाहा, कारण मला सगळ्यात जास्त आनंद त्यातच आहे. हा मूळचा इराणी शब्द. तो पश्चिमेला अरामी भाषेत, म्हणजे हिब्रूच्या एका बहिणीत, गेला आणि 'श्रगा' झाला. अरामीतून अरबीत जाऊन झाला 'सिराज'. म्हणजे सिराज-उद्दौलातला सिराज, ज्यू घरांत आजही मुलाला ठेवतात ते श्रगा हे नाव आणि आपल्या तलाठ्याच्या दप्तरातलं बेचिराख, तिघांत एकच दिवा आहे. आणि अरामी ही काही बायबलला परकी भाषा नव्हे. दानीएल आणि एज्रा या पुस्तकांतले मोठे भाग अरामीतच आहेत.

आता त्या वाक्यातलं आय. बायबलमधला यहोशवा म्हणजे मोशेनंतरचा इस्राएली लोकांचा पुढारी, ज्याने कनान देश जिंकला असं सांगतात. त्याच्या नावाच्या पुस्तकात जाळल्याची नोंद तीनच नगरांची आहे: यरीहो, आय आणि हासोर. आयबद्दल आठव्या अध्यायात म्हटलंय की यहोशवाने ते जाळलं आणि त्याचं कायमचं 'तेल' करून टाकलं. हे हिब्रू 'तेल' म्हणजे वस्तीवर वस्ती साचून झालेलं टेकाड, आपण ज्याला पांढर किंवा पांढरीचं टेकाड म्हणतो ते. (भाषांतरात 'टेकडी' लिहिणाऱ्यांशी माझं जमत नाही. टेकडी निसर्ग करतो, पांढर माणसं करतात.) बेथेल या जुन्या नगराच्या पूर्वेला, यरुशलेमपासून उत्तरेकडे साधारण १५ किलोमीटरवर असं एक टेकाड आहे आणि त्याचं अरबी नाव नुसतं 'एत-तेल्ल', म्हणजे 'ते टेकाड'. हिब्रूतही आयचं नाव 'हा-आय' असंच येतं. 'हा' हे इंग्रजी 'the'सारखं निश्चयदर्शक आणि 'आय'चा अर्थ बहुतेक अभ्यासक 'पडझड झालेली जागा' असा लावतात. नगराला स्वतःचं नावच नाही. दोन्ही भाषांत लोक नुसतं बोट दाखवून म्हणतात, ते पडकं, ते टेकाड.

पुरातत्त्वज्ञ ज्यूडिथ मार्के-क्राउझ यांनी १९३३ ते १९३५ या काळात तिथे खणलं. त्यांना खाली भक्कम तटबंदीचं मोठं नगर सापडलं, पण ते इ.स.पू. २४०० च्या सुमारास संपलेलं. त्यावर थेट इ.स.पू. १२०० च्या आसपासचं, तट नसलेलं छोटं खेडं. मधली हजार-बाराशे वर्षं रिकामी. यहोशवाचा काळ इ.स.पू. तेराव्या शतकात धरा नाही तर पंधराव्या, दोन्ही याच पोकळीत पडतात. १९६४ पासून जोसेफ कॅलवे यांनी पुन्हा खणलं. ते स्वतः बाप्टिस्ट धर्मविद्यालयात शिकवणारे होते, पण मातीने त्यांनाही तेच उत्तर दिलं.

पुरातत्त्वज्ञ विल्यम ऑलब्राइट यांनी तोड सुचवली की ही कथा खरं तर बेथेलच्या नाशाची, ती पुढे शेजारच्या टेकाडाला चिकटली. माणूस थोर, भांडी पाहून काळ सांगण्यात त्यांचा हात धरणारे थोडे, पण हे मला पटत नाही. गावाचं नावच 'पडकं' असेल तर 'कोणी पाडलं?' हा प्रश्न शेजारच्या खेड्यातलं पोरही विचारणार, आणि त्याला उत्तर म्हणून कथा जन्माला येणार. बायबलचे अभ्यासक मार्टिन नोट यांचं म्हणणं याच वळणाचं आहे आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

राखेबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. टेकाडात राख असतेच, आणि ती बहुतेक चुलीची असते. नांदत्या घरातून रोज एक सूपभर राख बाहेर पडते. आपली पांढर पांढरट दिसते त्यातही तिचा वाटा आहे. म्हणजे राख ही दिवा लागत असल्याची खूण, आणि बेचिराख काळाच्या थरात ती मिळायची नाही! जाळपोळीचा थर वेगळा ओळखू येतो: भाजून लाल झालेल्या विटा, कोळसा झालेल्या तुळया, उष्णतेने तडकलेले दगड. हासोरला इ.स.पू. तेराव्या शतकातल्या राजवाड्यात हे सगळं आहे, शिवाय मुंडकी आणि हात तोडलेले पुतळे. तो कोणी जाळला यावर वाद आहे. तिथे खणणारे अम्नोन बेन-तोर इस्राएली लोकांकडे बोट दाखवतात, तर शेरॉन झुकरमन यांनी नगरातल्याच लोकांच्या उठावाची शक्यता मांडली. यरीहोलाही जळका थर आहे, पण तिथे खणणाऱ्या कॅथलीन केन्यन यांनी त्याचा काळ इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा ठरवला.

आणि काळ ठरवायला मदत कोणाची होते? भांड्यांची, आणि भांड्यांबरोबर चिरागाची! यरीहोच्या थडग्यांत केन्यन यांना भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेले मातीचे दिवे मिळाले. इ.स.पू. २४०० ते २००० च्या काळातला दिवा चार वातींचा, चारही बाजूंनी काठ चिमटलेला. पुढच्या काळात तो एका वातीचा होतो. ओल्या थाळीचा काठ दोन बोटांत धरून एका जागी चिमटायचा, की वात ठेवायला चोच तयार. दिवाळीतली आपली पणती हातात घ्या आणि तो काठ अंगठ्याने चाचपून पाहा. तीच चिमट आहे.

आयची जागा एत-तेल्ल नव्हे, जवळचं खिर्बेत एल-मकातिर, असं म्हणणारेही आहेत. त्यांचा पुरावा मला अपुरा वाटतो, पण 'खिर्बेत' या शब्दासाठी मी त्यांचं म्हणणं आवडीने वाचतो. मृत समुद्राजवळच्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांमुळे गाजलेलं कुमरानही 'खिर्बेत कुमरान'च. खिर्बेत म्हणजे अरबीत उजाड पडलेली जागा. धातू ख-र-ब. त्याच धातूचा आपला 'खराब', आणि सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा'ही तोच. म्हणजे पडक्या नगराचं नाव आणि गावचा लागवडीला नालायक तुकडा एकाच कुळातले निघाले. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी उतारा समोर धरून तो शब्द दोनदा मोठ्याने वाचला होता.

शुद्ध रूपाचं राहिलंच. मराठीत 'बेचिराख' लिहा, 'बेचिराग' हे फारसीच्या जवळचं. दोन्हींत चूक नाही. त्या लेखातलं वाक्य मात्र दुरुस्त करायला हवं: यहोशवाचा म्हणून जो काळ सांगतात, त्या काळात आय आधीच बेचिराख होतं.