कानगोष्टी : बारा नव्हे, तेरा गाणी

(या सदराच्या लेखिका मुंबईतल्या एका खासगी एफएम केंद्रात सोळा वर्षं गाण्यांचं वेळापत्रक लावत होत्या. या अंकात रेडिओविषयी आलेली पत्रं.)

प्रश्न : ताई, दादरला कबुतरखान्याजवळ माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सकाळी दहाला शटर उघडलं की रेडिओ सुरू, रात्री नऊला बंद. आता मुलाने स्पीकर आणून दिलाय आणि फोनवर इंटरनेटची शंभरेक स्टेशनं. तरी तेच गाणं दिवसातून तीनदा. माझी कारागीर विचारते, "मॅडम, यांच्याकडे कॅसेट एकच आहे का?"
– एक वाचक, दादर

उत्तर : कॅसेटी पुष्कळ असतात, बाहेर काढायची हिंमत नसते. मी होते तिथल्या लायब्ररीत चार हजारांवर गाणी होती. रोजच्या फेऱ्यात साडेतीनशे. बाकीची नुसती हजेरीपटावर.

दर तासाचा एक 'क्लॉक' असतो, खरोखर घड्याळाच्या तबकडीसारखा गोल काढलेला. बाराच्या आकड्यावर जिंगल, मग एक 'पॉवर' गाणं, म्हणजे सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं, मग गेल्या वर्षीचं, मग आरजेची लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, जाहिराती, मग एखादं जुनं. कुठल्या घरात कुठल्या वर्गाचं गाणं बसणार एवढं क्लॉक सांगतो. नेमकं गाणं सॉफ्टवेअर भरतं, आणि दुपारी चारच्या सुमारास माझ्यासारखी बाई उद्याचा लॉग, म्हणजे दिवसभराच्या गाण्यांची यादी, उघडून त्यात लाल झालेल्या ओळी निस्तरत बसते.

आता हिशेब बघा. पॉवर वर्गात बारा गाणी ठेवली आणि तासाला तीन वाजवली, तर चार तासांनी पहिलं गाणं परत येतं. चोवीसला चारने पूर्ण भाग जातो, म्हणजे ते गाणं रोज त्याच ठोक्याला वाजणार. सव्वादहाला काजं करायला बसणारी बाई रोज सव्वादहाला तेच ऐकणार. म्हणून बारा नाही, तेरा ठेवायची. फेरा चार तास वीस मिनिटांचा होतो आणि वेळ रोज सरकत जाते. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पण तुमचं दुकान अकरा तास उघडं. जागा तेहतीस, गाणी तेरा. प्रत्येक गाणं दोनदा तर वाजणारच, त्यातली सात तीनदा. कारागीरबाईंचे कान चोख आहेत.

स्टेशनला हे कळत नाही असं नाही. स्टेशन तुमच्यासाठी लावलेलंच नसतं. ते असतं सायनच्या सिग्नलला अडकलेल्या, वीस मिनिटं ऐकून उतरून जाणाऱ्या माणसासाठी. तेवढ्या वेळात त्याच्या ओळखीचं काही लागलं नाही तर त्याचं बोट पुढच्या बटणावर जातं. मुंबईत २००७पासून श्रोत्यांकडून डायऱ्या भरून घेऊन कुठलं स्टेशन किती ऐकलं जातं याची मोजणी व्हायची. त्या डायरीत आपल्या स्टेशनचं नाव यावं म्हणून सगळी धडपड. दिवसभर निष्ठेने ऐकणारा श्रोता या खेळात उगाच भरडला जातो. शिंपी, वाणी, केशकर्तनालयवाले, सगळे.

आणि गाणी निवडायची रीत ऐकाल तर कपाळाला हात लावाल. श्रोत्यांना फोन करून गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं, आवडतं का? कंटाळा आला का? या परीक्षेत नाचाची गाणी पहिल्या वर्गात पास होतात. आपलं भावगीत मात्र सात सेकंदांत धड दाराशीही येत नाही. आधी व्हायोलिन, मग बासरी, मग जरा थांबून आवाज. एकदा तीस मराठी गाणी अशी चाचणीला टाकली होती. एकवीस नापास. मी म्हटलं, तुकडा अंतऱ्यातला घ्या, वीस सेकंदांचा घ्या. वरिष्ठ म्हणाले, "फोनचं बिल कोण भरणार?" ती एकवीस गाणी लायब्ररीतच राहिली. नंतर लोक मला लग्नात भेटले की म्हणायचे, तुमच्याकडे मराठी गाणी नाहीत का हो?

चूक माझीही व्हायची, लपवत नाही. एकाच गायिकेचं नाव मी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी भरून ठेवलं होतं. यंत्राला वाटलं तिघी जणी आहेत. एका तासात तिची तीन गाणी लागली. चिंचपोकळीहून एका आजोबांचा फोन आला : "आज बाईंचा वाढदिवस आहे का?"

इंटरनेटवरची बरीच स्टेशनं तर माणसावाचून चालतात. एकावर 'रेट्रो' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'रोमँटिक', आत पेटी तीच. तेव्हा शंभरातली तीनच निवडा आणि वेळेप्रमाणे बदला. सकाळी काय हवं ते, दुपारी विविध भारती, संध्याकाळी गिऱ्हाईक वाढलं की पुन्हा धांगडधिंगा. म्हणजे कुठल्याच स्टेशनचा फेरा तुमच्या दुकानात पुरा होणार नाही.

प्रश्न : दूरसंचार नियामक ट्रायने डिजिटल रेडिओची शिफारस केल्याचं वाचलं. मुंबईत आता निव्वळ मराठी गाण्यांचं किंवा नाट्यसंगीताचं स्टेशन येईल का? माझा जुना संच टाकून द्यावा लागेल?
– एक निवृत्त वाचक, गोरेगाव

उत्तर : संच टाकू नका. ऑक्टोबर २०२५मधल्या त्या शिफारशीत आजचं एफएम चालू ठेवूनच सोबत डिजिटल आणायचं म्हटलंय. नॉर्वेने २०१७मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंदच करून टाकलं, तसा प्रकार नाही. मात्र डिजिटल वाहिन्या जुन्या संचावर लागणार नाहीत. त्यासाठी नवा संच लागेल. आणि शिफारस म्हणजे परवाना नव्हे.

जागेचं गणित मात्र खरंच बदलेल. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. एका शहरात दोन स्टेशनांमध्ये ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं, म्हणजे मुंबईच्या वाट्याला फार तर पंचवीस जागा, त्यातल्या काही आकाशवाणीच्या. जागा कमी, लिलाव महाग, मग पैसे वसूल करायला जो-तो त्याच हिंदी चित्रपटगीतांच्या मागे. नव्या पद्धतीत एकाच फ्रिक्वेन्सीवर आजच्या एका वाहिनीबरोबर आणखी तीन डिजिटल वाहिन्या बसतात. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा काढावा तसं.

पण पोटमाळ्यावर झोपणार कोण, हा प्रश्न उरतोच. मला यात वर्ल्डस्पेस आठवतं. उपग्रहावरून येणारा डिजिटल रेडिओ, वर्गणी भरून ऐकायचा. मी २००६ साली घेतला. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. उपग्रह पूर्वेला, म्हणून तळहातापेक्षा थोडी मोठी ती चपटी अँटेना पूर्वेच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायची. बरणी हलली की गाणं गप्प. 'गंधर्व' नावाची वाहिनी चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय, 'श्रुती' कर्नाटक संगीताची. दुपारी भात निथळत असायचा आणि सारंगाचा विलंबित ख्याल पाऊण तास चाललेला असायचा. मध्ये कोणी साबण विकायला येत नसे. माझ्या ऑफिसात कोणी साडेचार मिनिटांचं गाणं सुचवलं तरी "लांब आहे" म्हणून कापायचे, आणि इथे पाऊण तास! कारण साधं. पैसे ऐकणाऱ्याने दिलेले होते, जाहिरातदाराने नव्हे.

मग समोर पुनर्विकासाचा टॉवर उठला. बाराव्या स्लॅबला माझा उपग्रह दिसेनासा झाला. शेजारच्या काकूंच्या गॅलरीतून वायर ओढली, तर काकू अँटेनेवर पापड वाळत घालायच्या. तेही निभावलं असतं, पण २००८मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा बंद झाली. संच अजून माळ्यावर आहे.

उलटंही होतं. बीबीसीचं सिक्स म्युझिक २००२मध्ये फक्त डिजिटलवर सुरू झालं. तिथले निवेदक स्वतः गाणी शोधून लावतात. २०१०मध्ये ते बंद करायचा प्रस्ताव आला तेव्हा श्रोत्यांनीच ओरडा करून वाचवलं. नाट्यसंगीताच्या वाहिनीसाठी मुंबईत इतके लोक ओरडतील का? विलेपार्ल्यात शंभरेक जण नक्की, पुढचं मी सांगत नाही. तोवर आकाशवाणीच्या ॲपवर 'रागम' ऐका. २६ जानेवारी २०१६पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत, वर्गणी नाही आणि बरणीही नको.

प्रश्न : गाणं सुरू झालं तरी आरजे बोलतच का राहतात?
– भांडुप

उत्तर : गाणाऱ्याचा आवाज सुरू होईपर्यंत किती सेकंद आहेत ते त्यांच्या समोरच्या पडद्यावर उलटं मोजलं जातं. ध्रुवपदाच्या पहिल्या अक्षराआधी बरोबर गप्प होणं ही त्यांच्यात शर्यत असते. कौतुक आम्ही स्टुडिओत करायचो, वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्यांना कोणी विचारलं नाही.

प्रश्न : मी कॉलेजात शिकतो. मित्रांबरोबर मराठी गाण्यांचा इंटरनेट रेडिओ सुरू करायचा आहे. एफएमवाल्यांना ठरवून दिलेल्या दराने गाणी मिळतात म्हणे. आम्हाला मिळतील का? आणि गाणी लावायची कशी?
– मुलुंड

उत्तर : त्या दराने नाही मिळणार, हे आधीच सांगते, उगाच कर्ज काढू नकोस. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१डीनुसार रेडिओ आणि टीव्हीला ठरीव दराने गाणी वाजवता येतात. ही सवलत इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये ठरवलं आणि २०२२मध्ये खंडपीठाने तेच कायम ठेवलं. म्हणजे रेकॉर्डिंग ज्या कंपनीचं तिच्याशी वेगळा करार, गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या त्यांच्या संस्थेचा परवाना वेगळा. इंटरनेट रेडिओवर कधी कधी मोजकीच गाणी ऐकू येतात त्याचं हेही एक कारण. तुमच्यासारख्यांनी नव्या, स्वतंत्र गाणाऱ्या पोरांकडून लेखी परवानगी घेऊन सुरुवात करावी. मुलुंड-ठाण्यातच वीस जण सापडतील, आणि ते आनंदाने देतील.

लावायची कशी, तर सॉफ्टवेअर नंतर, आधी कागद. एक मोठा गोल काढ. एका तासात तेरा-चौदा गाणी मावतात. आवाजाप्रमाणे वाटू नकोस, सगळे तसंच करतात : एक बाई, एक पुरुष, एक द्वंद्वगीत. सुरुवात कुठल्या वाद्याने होते ते लिहून काढ. सनईमागे सनई नको. संथ गाणं दोनदा लागोपाठ चालेल, तिसरं नको. प्रत्येक तासात एक जागा कोणीही न ऐकलेल्या गाण्याची, पण तिच्या दोन्ही बाजूंना घट्ट ओळखीची गाणी हवीत. लोकलमध्ये चौथी सीट देतो तशी, दोघांनी थोडं सरकून. मी ही जागा दुपारी तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास चोरून ठेवायचे. वरिष्ठ त्या वेळी जेवून मीटिंगमध्ये असायचे.

आणि गायकांची नावं एकाच स्पेलिंगने भर. पहिला गोल काढलास की त्याचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी लाल पेन काढून ठेवते.