घरी बनवलेल्या माइक प्रीअँपचा (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा खोका) आवाज मधूनच जातो आणि आपोआप परत येतो. टेबलावर तपासला की काहीच होत नाही. सगळे सांधे पुन्हा सोल्डर करू का?

नका करू. सगळं पुन्हा तापवलंत तर दोष कदाचित जाईल, पण नेमका कुठे होता ते कधीच कळणार नाही. माझ्या मेव्हण्याचं हेच तंत्र. आयटीआय झालेला, हात चांगला. पण सोल्डरिंग आयर्न आधी तापतं, डोकं नंतर चालतं.

माझा प्रीअँप आयएनए 217 या अँप्लिफायरच्या आयसीवर (चिपवर) आहे. फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री संगीत नाटक असतं, गावातलेच कलाकार. दोन वर्षांपूर्वी रंगमंचाच्या कडेला लावलेल्या कंडेन्सर माइकसाठी मी तो नेला. घरी तीन संध्याकाळी चालवून पाहिला होता, हूं की चूं नाही. पहिला अंक नीट गेला. दुसऱ्यात नायक पदाला उभा राहिला, तान वर चढली आणि आवाज गुल. मागच्या लोकांना नुसतं तोंड हलताना दिसत होतं. पाच-सात सेकंदांनी ‘थप्’ होऊन परत आला. मग पुन्हा तेच. मेव्हण्याने तीनदा केबल बदलली, शेवटी दंव पडलंय म्हणून निदान केलं आणि सगळ्या समितीसमोर म्हणाला, “भावोजी, घरी केलेलं घरीच वापरावं.”

त्या गडबडीत मला एवढंच जाणवलं की आवाज जातो तेव्हा हम (घूं असा जाड आवाज) येत नाही. केबलची शील्ड (तारांभोवतीची जाळी) सुटली असती तर हम आला असता. फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) तुटला असता तर आवाज चिरकून विझला असता, पण प्रीअँपची हिस (मागची सततची बारीक सूं) राहिली असती. इथे हिससकट सगळं गेलं होतं. या आयसीत गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, 1 अधिक 10,000 भागिले गेनचा रेझिस्टर (ओहममध्ये). ती वाट तुटली की गेन सरळ 1 वर, माइकचे मिलिव्होल्ट तसेच मिलिव्होल्ट.

दुसऱ्या दिवशी खोका उघडून चालू ठेवला, हेडफोन घातले आणि बांबूच्या काडीने एकेक भाग दाबत गेलो. गेनच्या पॉटचा (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) दांडा जरा बाजूला ढकलला की आवाज जायचा. भिंगाखाली पाहिलं तर मधल्या पिनीभोवती केसाएवढं काळं कडं. वरून सोल्डर चकचकीत, आत पिन मोकळी. चूक माझीच. पॉटचा नट पॅनेलवर आवळला नव्हता, त्यामुळे नॉब फिरवण्याचा सगळा जोर त्या तीन पिनांवर यायचा. टेबलावर दोष दिसला नाही, कारण टेबल हादरत नाही. जत्रेत खोका फळ्यांच्या रंगमंचावर होता आणि शेजारी तबला. जुनं सोल्डर उपसून नवं घातलं, नट आवळला.

तुमच्याकडे आधी एवढं ठरवा: आवाजाबरोबर हिस जाते का? माइक काढून इनपुटच्या 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये 150 ओहमचा रेझिस्टर लावा, फँटम बंद, गेन पूर्ण, आणि रात्रभर लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. सकाळी हिस कुठे तुटलेली दिसली तर दोष खोक्यात. नाही दिसली तर आधी केबल आणि माइक बघा, पण खोक्याला सुट्टी देऊ नका. माझा घरी शहाण्यासारखाच वागत होता. मग काडी, आणि काडीने काही झालं नाही तर लांबून हेअर ड्रायरची ऊब द्या.

आता राहवत नाही म्हणून सांगतो, दमट हवेबद्दल मेव्हणा अगदीच चुकीचा नव्हता. पुढच्या जूनमध्ये त्याच खोक्यात चरचर सुरू झाली. आयसी सॉकेटमधून काढून परत बसवला की आठवडाभर जायची. शेवटी सॉकेट काढून आयसी थेट पीसीबीवर सोल्डर केला. हे त्याला कळवलेलं नाही. यंदा समितीने मिक्सर भाड्याने आणलाय, त्याच्याच ओळखीने.

आणि हो, ट्रान्सफॉर्मर त्याच खोक्यात असेल, म्हणजे घरातली वीज थेट आत येत असेल, तर काडी फिरवताना दुसरा हात खिशात ठेवा.